नॉमिनी मुलगा आहे, म्हणजे घर त्याचं झालं का?

पत्र:

ताई, माझं वय ६३, ह्यांचं ६८. आमचा फ्लॅट ह्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. तो घेताना माझे दागिने मोडले होते. मुलगा-सून आमच्याजवळच राहतात. कर्जाचे शेवटच्या चार वर्षांचे हप्ते मुलानेच भरले. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात आहे. ८८ वर्षांच्या सासूबाईही आमच्याकडे असतात. गावी शेती आहे, पण सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव आहे. त्यात एक दीर आणि एक नणंदही आहेत. माझ्या वडिलांनी मला बक्षीसपत्राने दिलेला एक छोटा प्लॉट माझ्या नावावर आहे.

ह्यांनी सोसायटीत, बँकेत, विम्यात सगळीकडे मुलाला नॉमिनी केलंय. म्हणतात, झालं काम, आता मृत्युपत्र नि वकील कशाला, आपण काय टाटा-बिर्ला लागून गेलोय? मुलगा म्हणतो, ताईकडून हक्कसोडपत्र आणि बाबांकडून मुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने सह्या करायचा अधिकार) घेऊन ठेवू, पुढे कटकट नको. मी मृत्युपत्राचं नाव काढलं की हे म्हणतात, माझ्या मरणाची घाई झालीय का तुला? माझा कुणावरच अविश्वास नाही ताई, पण झोप लागत नाही. — एक वाचक

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात सासूबाई एका ओळीत येऊन गेल्यात. खरं तर हिशेब त्यांच्यापासूनच सुरू होतो.

पत्रावरून तुम्हाला १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू होतो असं धरून चालते. मृत्युपत्र न करता पुरुष गेला, तर त्याची मालमत्ता आधी वर्ग एकच्या वारसांकडे जाते. त्यात बायको, मुलगा, मुलगी आणि आई एका रांगेत, सारख्या वाट्याने असतात. वडील त्या वर्गात नाहीत, आई आहे. म्हणजे उद्या काही बरंवाईट झालं आणि कागद केलेला नसला, तर फ्लॅटचे चार वाटे होणार: तुमचा, मुलाचा, मुलीचा आणि सासूबाईंचा.

इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्यानंतर सासूबाईही मृत्युपत्र न करता गेल्या, तर त्यांच्या पाव हिश्श्याचे वारस कोण? त्यांची मुलं. दिरांचा एक वाटा, नणंदेचा एक, आणि तुमच्या यजमानांच्या वाट्याचा एक, जो तुमच्या दोन मुलांत विभागला जाईल. त्या पाव हिश्श्यात सून म्हणून तुम्हाला काहीच येत नाही. फ्लॅटचे चोवीस भाग कल्पा. मुलाचे ७, मुलीचे ७, तुमचे ६, दिरांचे २, नणंदेचे २. ज्या घरासाठी दागिने मोडले, तिथे तुमचा वाटा तुमच्या मुलांपेक्षा कमी, आणि घर विकायचं झालं तर दीर-नणंदेच्याही सह्या लागणार. त्या दोघांच्या मनात काही वावगं असेल असं मी म्हणत नाही. पण सहीसाठी माणसं गोळा करायला लागलं की त्यांची मुलं, जावई, सगळ्यांचीच मतं ऐकावी लागतात.

आता ‘झालं काम’ म्हणजे नेमकं काय झालंय ते पाहू. नॉमिनी हा पोस्टमनसारखा आहे. मनीऑर्डरचे पैसे त्याच्या हाती देतात म्हणून ते त्याचे होत नाहीत. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितलं. शेअर्सच्या बाबतीत काही वर्षं घोळ होता, तिथेही डिसेंबर २०२३ च्या निकालाने तेच ठरलं: नॉमिनी मालक होत नाही, मालक वारसच. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते. पुढे बाकीच्या वारसांनी त्याच्याकडून आपला वाटा मागायचा, ही घरातली बाब. (विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, जोडीदार आणि मुलं नॉमिनी असतील तर वेगळी तरतूद आणली. त्यामुळे पॉलिसीची कागदपत्रं वकिलाला वेगळी दाखवा.)

सोसायटीचं तर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातच स्पष्ट लिहिलंय. २०१९ मध्ये त्यात आलेलं कलम सांगतं की सभासद गेल्यावर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं, आणि तेही खरे वारस किंवा मृत्युपत्रातली व्यक्ती ठरेपर्यंतच. तुमचा मुलगा उद्या त्या फ्लॅटचा तात्पुरता सभासद होईल. मेंटेनन्सची पावती त्याच्या नावाने येईल आणि त्याला वाटेल, घर आपलं झालं. पाच वर्षांनी विकायला काढेल तेव्हा खरेदीदाराचा वकील विचारेल, ‘बाकीचे वारस कुठे आहेत?’ बहुतेक घरांतलं भांडण त्या दिवशी सुरू होतं, तेराव्याला नाही.

तरी नॉमिनेशन काढून टाकू नका. त्याने पैसे हातात लवकर येतात, अडचणीच्या वेळी तेही मोठं काम आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना चार नॉमिनी ठेवता येतात. पुढच्या वेळी बँकेत गेलात की तुमचं नावही घालून घ्या. मात्र नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव शक्यतो एकच असू द्या. पोस्टमन एक आणि पत्ता दुसऱ्याचा, यातून गैरसमजच जास्त होतात.

मुलाने सुचवलेल्या दोन कागदांबद्दल. तो लबाड आहे असं मला वाटत नाही. कुणीतरी अर्धवट ऐकलेलं त्याला सांगितलंय. वडील जिवंत असताना त्यांच्या स्वतःच्या कमाईच्या फ्लॅटवर मुलीचा हक्क नसतोच. जो नाही तो ती सोडणार कसा? ‘पुढेमागे वारसाने मिळेल’ ही नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही, असं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच म्हटलंय. म्हणजे तो कागद उद्या टिकायची मारामार, आणि मुलीच्या मनाला लागायचं ते आजच लागणार. मुलाला अगदी सरळ सांगा: वडिलांना जे द्यायचं ते मृत्युपत्रात दिलं की ताईच्या सहीची गरज उरत नाही. तिच्या मनात असेल तर ती वडिलांच्या पश्चात तिचा वाटा सोडेल, तेव्हाच्या हक्कसोडपत्राला अर्थ असतो.

मुखत्यारपत्राचं म्हणाल तर माणूस गेला की तेही गेलं. वडील गेल्यावर त्यावर केलेली एक सहीसुद्धा मुलाला गोत्यात आणेल. त्याहून मोठी गोष्ट लोकांना ठाऊक नसते. माणसाचं भान गेलं, स्मृती गेली, तरी आपल्या कायद्यात मुखत्यारपत्र संपतं. नेमकं ज्या दिवसासाठी ते करून ठेवलं, त्याच दिवशी ते हातात राहत नाही. भाडेकरार, बँकेची कामं, परगावची एखादी नोंदणी यासाठी ठरावीक कामापुरतं मुखत्यारपत्र ठीक. सगळी इस्टेट त्यावर सोपवू नका.

आणि कुणी म्हटलंच की ‘बाबा, आत्ताच मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून टाका, महाराष्ट्रात मुलाला राहतं घर द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे’, तर ते शुल्काचं खरं आहे. वर नोंदणीचा आणि इतर खर्च येतोच. पण स्वस्त आहे म्हणून करायची ही गोष्ट नव्हे. मृत्युपत्र उद्या फाडता येतं, बक्षीसपत्र नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलं सांभाळत नसतील तर परत मिळवायची वाट आहे, पण त्यासाठी ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असणं फार उपयोगी पडतं. माझं मत विचाराल तर ६८ व्या वर्षी राहतं घर कुणाच्याही नावे करू नये, मुलगा कितीही गुणाचा असो. हां, यजमान तुम्हालाच फ्लॅटचा अर्धा हिस्सा बक्षीसपत्राने देणार असतील, तर दागिन्यांचं ते कर्ज फिटलं असं म्हणता येईल. तेवढ्यापुरता माझा विरोध नाही.

आता मृत्युपत्र. ते साध्या कागदावर चालतं, स्टॅम्पपेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही. मराठीत लिहिलं तरी चालतं, हाताने लिहिलं तरी चालतं. मग वकील कशाला, हा यजमानांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

माझ्याकडे एकदा इंटरनेटवरच्या नमुन्यावरून केलेलं मृत्युपत्र आलं होतं. शंभर रुपयांचा स्टॅम्पपेपर, सुबक टायपिंग, रिकाम्या जागी शाईच्या पेनने भरलेली मुलांची नावं, प्रत्येक पानावर गृहस्थांची सही, खाली नोटरीचा गोल लाल शिक्का. कागद बघून कुणाचाही विश्वास बसावा. साक्षीदार मात्र एकच होता. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी नोटरीचा शिक्का, कारण नोटरी झाली म्हणजे सगळं झालं असा समज. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याला किमान दोन साक्षीदार लागतात. दोघांनीही करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं, किंवा ‘ही माझी सही’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं, आणि दोघांनीही त्याच्या समोरच सही करायला हवी. एका सहीपायी तो सुबक कागद रद्दीत गेला आणि सगळं पुन्हा मृत्युपत्र नसल्यासारखं वाटायची वेळ आली.

वकिलाला पैसे द्यायचे ते टायपिंगचे नव्हेत, तुम्हाला न सुचलेल्या प्रश्नांचे. तुमच्या यजमानांच्या आधी तुम्ही गेलात तर? मुलगा आधी गेला तर सुनेचं आणि नातवंडांचं काय? सासूबाई मागे राहिल्या तर त्या कुठे राहतील? फ्लॅटची इमारत पुनर्विकासाला गेली तर? हा शेवटचा प्रश्न आता फार महत्त्वाचा झालाय. मृत्युपत्रात ‘अमुक इमारतीतला फ्लॅट क्रमांक १२’ असं लिहिलं, आणि करणारा जाईपर्यंत ती इमारतच जागेवर नसली, तर वाद घालायला मोकळं रान. ‘किंवा त्याऐवजी मला मिळणारी किंवा मिळायची असलेली जागा’ हे चार शब्द वकील घालतो. तशीच एक ओळ शेवटी हवी: इथे नाव न घेतलेलं जे काही माझं असेल, ते अमुक व्यक्तीला. विसरलेली एफडी, जुने शेअर्स, भविष्य निर्वाह निधी, मृत्युपत्र केल्यानंतर घेतलेली गोष्ट, हे सगळं त्या ओळीत बसतं.

वकिलाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. फ्लॅटचा करारनामा आणि इंडेक्स टू (त्याच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बँका-पोस्टाच्या खात्यांची यादी, पॉलिसी, डीमॅट, कुणाचं देणं-घेणं असेल तर त्याची चिठ्ठी. नावांकडे नीट बघा. करारावर पूर्ण नाव, पासबुकावर आद्याक्षरं आणि आधारवर तिसरंच काही, हे प्रत्येक घरात सापडतं. मृत्युपत्रात ‘ही सर्व नावं माझीच’ असं लिहून ठेवलं की पुढची पळापळ वाचते. फी पहिल्याच भेटीत विचारा, त्यात नोंदणी धरली आहे की नाही तेही विचारा. आणि जो वकील कुटुंबाची माहिती न विचारता ‘फॉरमॅट तयार आहे, उद्या सहीला या’ म्हणेल, त्याच्याकडून उठून या. त्यापेक्षा इंटरनेट स्वस्त पडेल.

त्या भेटीला मुलाला नेऊ नका. नेलंत तर बाहेर बसवा. त्याचा अपमान करायला नाही, त्याच्याच भल्यासाठी. ज्याला लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला की न्यायालय त्याकडे संशयाने बघतं, आणि तो संशय फेडायची जबाबदारी त्याच्यावरच येते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ च्या निकालापासून हे चालत आलंय. वकील त्यानेच ठरवला, रिक्षाने त्यानेच नेलं, साक्षीदार त्याचेच मित्र, असं असलं तर उद्या मुलीचा वकील एकेक धागा ओढत बसेल. साक्षीदारही तसेच हवेत: लाभ नसलेले, आणि यजमानांपेक्षा वयाने लहान. सकाळच्या फिरण्यातल्या पंचाहत्तरीच्या दोन मित्रांच्या सह्या घेतात लोक. मग कोर्टात उभं राहायला एकही उरत नाही. ऐंशीच्या पुढच्या किंवा आजारी माणसाचं मृत्युपत्र असेल, तर त्याच दिवशीचं, मन शाबूत असल्याचं डॉक्टरांचं पत्र मी नेहमी घेते. कायद्याने सक्ती नाही. नोंदणीचंही तसंच, सक्ती नाही पण करा. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयाकडून घरी येऊन नोंदणी करून घ्यायची सोय कायद्यात आहे.

आता सगळ्यात नाजूक भाग: कुणाला किती. तो वकिलाने ठरवायचा नाही, मीही नाही. मुलाने चार वर्षं हप्ते भरलेत, त्याला थोडं जास्त द्यावंसं वाटलं तर द्या, कायदा सारख्या वाटणीची सक्ती करत नाही. फक्त कारण एका वाक्यात लिहा: कर्जाची फेड त्याने केली म्हणून. मुलीबद्दल मात्र ‘तिच्या लग्नात खर्च झाला आहे’ छापाची वाक्यं गाळा. मी ती शेकड्याने वाचलीत. मागे राहिलेल्या बहिणी जे कागद जपून ठेवतात आणि भावाला दाखवतात, ते हेच.

तुमच्याबद्दल माझा एकच आग्रह आहे. फ्लॅट तुम्हाला ‘हयातीपर्यंत राहण्यापुरता’ न देता पूर्ण मालकीने द्यावा. वकील कधी कधी सुचवतात की बायकोला हयातीपुरता हक्क आणि नंतर मुलांना. कागदावर छान दिसतं. पण उद्या तुम्हाला लिफ्ट असलेल्या छोट्या घरात जायचं झालं किंवा आजारपणाला पैसा लागला, तर ते घर तुम्ही विकू शकणार नाही. सासूबाईंना त्यात राहण्याचा हक्क लिहून ठेवावा, हिस्सा देण्यापेक्षा त्यांना त्याचीच जास्त गरज आहे. पुढे कुणाला द्यायचं ते तुम्ही तुमच्या मृत्युपत्रात ठरवाल.

गावच्या शेतीचं एका बैठकीत सुटणार नाही. सासऱ्यांनी स्वतः घेतलेली की त्यांना वाडवडिलांकडून आलेली, ते कधी गेले, यावर हिस्से ठरतात. नणंदेचं नाव तर लागणारच. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्माने हक्क मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातला शेवटचा किंतुही काढून टाकला. तूर्त तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, ती व्हायला हवी होती सासरे गेले त्याच वर्षी. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, पण नाव नसलं तर काहीच हलत नाही. वाटणी होईपर्यंत यजमानांना मृत्युपत्रात ‘विहिरीकडचा तुकडा मुलाला’ असं लिहिता येणार नाही. ‘माझा जो काही हिस्सा निघेल तो’ एवढंच लिहिता येईल.

मृत्युपत्र झालं की मूळ प्रत यजमानांच्या एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला जो कागद लागणार, तो लॉकरमध्येच, हा विनोद मी दोनदा पाहिलाय.

राहिला यजमानांचा राग. तुम्ही त्यांच्या मृत्युपत्राचा विषय काढताय म्हणून तो येतोय. तुमचा प्लॉट आहे ना? तुमच्या पश्चात त्याचे वारस यजमान, मुलगा आणि मुलगी, तिघं सारखे. तुम्हाला तो मुलीलाच द्यायचा असेल, किंवा नातीला, तर तुम्हालाच मृत्युपत्र करावं लागेल. (हे वाचणाऱ्या, मूलबाळ नसलेल्या बहिणींनो, तुमच्यासाठी तर हे फारच निकडीचं आहे. नवरा आधी गेला आणि तुमचं मृत्युपत्र नसलं, तर तुमच्या स्वतःच्या पगारातून जमवलेलंही आधी सासरच्या वारसांकडे जातं, माहेरी नाही.) तेव्हा वकिलाची वेळ तुमच्या नावाने घ्या. आदल्या रात्री यजमानांना एवढंच म्हणा, ‘माझ्या प्लॉटचं मृत्युपत्र करायला चाललेय, एकटीने जायला नको वाटतं, सोबत चला.’ ते येतील. तिथे वकील तुम्हाला पहिला प्रश्न विचारेल, ‘राहतं घर कुणाच्या नावावर आहे?’ आणि उत्तर त्यांनाच द्यावं लागेल.

फ्लॅटचा करारनामा तुमच्या पर्समध्ये असू द्या.